थेंबे थेंबे तळे साचे, पण तळं भरून वाहतं का?

टेबलाच्या कडेला जाड पुठ्ठ्याच्या एकसारख्या पुस्तकांची चळत रचायची, आणि ती पायरीपायरीने अशी पुढे सरकवायची की सगळ्यात वरचं पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर, हवेवर यावं. डिंक लावायचा नाही, मागून कुणी धरायचं नाही. जमेल का? बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला अनंत श्रेढी शिकवायला घेताना मी आधी हा प्रश्न टाकतो. निम्म्याहून जास्त वर्ग नाही म्हणतो.

मग २० सेंटिमीटर लांबीची चार पुस्तकं घेऊन आम्ही करून बघतो. सगळ्यात वरचं पुस्तक खालच्यापेक्षा १० सेंटिमीटर पुढे. ते दुसरं तिसऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर पुढे. तिसरं चौथ्यापेक्षा ३.३, आणि चौथं टेबलाच्या कडेपेक्षा २.५ पुढे. एकूण २० सेंटिमीटर आणि वर ८ मिलिमीटर. हा हिशेब अगदी तोल जाण्याच्या काठावरचा आहे, म्हणून प्रत्येक पुस्तक एखादा मिलिमीटर मागे घ्यायचं. चळत उभी राहते आणि वरचं पुस्तक अख्खं बाहेर असतं. वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरते ती मला फार आवडते.

आता आकडे बघा. पुस्तकाच्या लांबीचा निम्मा भाग, मग चौथा, मग सहावा, मग आठवा. म्हणजेच १ + १/२ + १/३ + १/४ या बेरजेचं अर्ध. दोन पुस्तकांच्या लांबीइतकं बाहेर जायचं असेल तर ३१ पुस्तकं लागतात, तीन लांब्यांसाठी २२७. पुस्तकं पुरवत राहा, चळत म्हणाल तितकी पुढे जाईल. प्रत्येक नवं पुस्तक आधीच्यापेक्षा कमी भर घालतं, तरी एकूण भर कुठेच थांबत नाही.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. गणित तिला पुढचा प्रश्न विचारतं. थेंब पडतच राहिले, कायमचे, आणि दर थेंब आधीच्याहून लहान असला, तर पाणी एखाद्या रेषेशी येऊन थांबेल, की कितीही उंच बांध घातला तरी कधीतरी त्यावरून वाहून जाईल? अनंत श्रेढींच्या सगळ्या कसोट्या शेवटी एवढंच तपासतात. थेंब लहान होतोय, इतकं कळून भागत नाही. तो किती वेगाने लहान होतोय, ते बघावं लागतं.

क्रमिका वेगळी, श्रेढी वेगळी

कॉलेजात सगळे सिक्वेन्स आणि सिरीज म्हणतात, मराठी पुस्तकांत क्रमिका आणि श्रेढी. क्रमिका म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्या: १, १/२, १/३, १/४ आणि पुढे. श्रेढी म्हणजे त्याच संख्यांमध्ये अधिक-उणे चिन्हं घालून केलेली बेरीज. ठरावीक संख्येकडे जाते ती अभिसारी, जात नाही ती अपसारी. पेपर तपासताना सर्वांत जास्त मार्क याच घोटाळ्यात गेलेले दिसतात, कारण वरचीच क्रमिका शून्याकडे जाते म्हणजे अभिसारी आहे, आणि तिच्याच पदांची श्रेढी अपसारी आहे.

क्रमिकेचं आधी बघू. एक रुपया दरसाल १०० टक्के व्याजाने ठेवला. व्याज वर्षाअखेरीस एकदाच धरलं तर २ रुपये होतात. सहा-सहा महिन्यांनी धरलं तर २.२५. दर महिन्याला धरलं तर २.६१, दररोज धरलं तर २.७१४६. जितक्या वेळा धरू तितकी रक्कम वाढते, पण तीन रुपयांच्या पुढे कधीच जात नाही. वाढतच राहायचं आहे आणि डोक्यावर छत आहे, मग ती कुठेतरी टेकणारच. हा क्रमिकेचा सगळ्यात कामाचा नियम आहे: सतत चढणारी आणि वरून बांधलेली क्रमिका अभिसारी असते. इथे ती २.७१८२८… या संख्येला टेकते, जिला सगळं जग ‘ई’ म्हणतं. याकोब बर्नूली या स्विस गणितज्ञाने १६८३ साली व्याजाच्या याच प्रश्नातून तिचा माग काढला.

‘टेकते’ म्हणजे नेमकं काय? व्याख्या पुस्तकात ग्रीक अक्षराच्या आड लपलेली असते, म्हणून भीती वाटते. खरं तर ती एक बोली आहे, बाजारात होते तशी. तुम्ही म्हणता, मला सीमेच्या, म्हणजे जिथे टेकायचं त्या संख्येच्या, एक हजारांशाच्या आत हवं. मी सांगतो, अमुक पदापासून पुढची सगळी पदं तेवढ्यात आहेत. तुम्ही म्हणता, एक लक्षांश. मी आणखी पुढचं पद सांगतो. तुम्ही कितीही बारीक मागणी केली तरी मला उत्तर देता आलं पाहिजे. यातला ‘पुढची सगळी’ हा भाग सोडायचा नाही. एखादं पद जवळ येऊन गेलं, पुन्हा लांब गेलं, तर ते धरत नाहीत.

श्रेढीची बेरीजही याच वाटेने समजते. अनंत पदांची बेरीज करत कुणी बसू शकत नाही. आपण पहिल्या पदाची, मग पहिल्या दोनांची, मग तिनांची अशा आंशिक बेरजा लिहितो. त्या बेरजांची एक क्रमिका तयार होते. ती जिथे टेकेल ती श्रेढीची बेरीज. टेकली नाही तर बेरीज नाही. १ − १ + १ − १ … या श्रेढीच्या आंशिक बेरजा १, ०, १, ० अशा उड्या मारत राहतात. इटलीतल्या गुइदो ग्रांदी यांनी १७०३ साली तिची बेरीज अर्धा सांगितली आणि पुढे कित्येक वर्षं विद्वानांत वाद चालला. आंशिक बेरजांची व्याख्या हाताशी असती तर तो वाद एका ओळीत मिटला असता. ती व्याख्या नीट, कडक स्वरूपात मांडली ओगुस्तँ कोशी यांनी पॅरिसमध्ये, १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात.

पहिली चाळणी, आणि तिचा फसवा उलटा अर्थ

कोणतीही श्रेढी समोर आली की आधी एकच गोष्ट पाहायची: पदं शून्याकडे जातात का? १/२ + २/३ + ३/४ + … इथे पदं १ कडे जातात. दर वेळी जवळजवळ एक एक ओततोय, तळं भरून वाहणारच. पदं शून्याकडे जात नसतील तर श्रेढी अपसारी, विषय संपला.

पण जात असतील तर? काहीच ठरत नाही. वहीत मात्र हमखास ओळ सापडते: ‘पदे शून्याकडे जातात, म्हणून श्रेढी अभिसारी.’ मुलं विचारतात, “सर, भर शून्यच होत चालली, मग बेरीज वाढणार कशी?” प्रश्न अगदी प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर सुमारे १३५० साली फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी दिलं. ते इतकं सुरेख आहे की ते एकदा स्वतः हाताने लिहून काढावं असं मी प्रत्येकाला सांगतो.

१ + १/२ + १/३ + १/४ + … ही हरात्मक श्रेढी. पहिली दोन पदं बाजूला ठेवा. १/३ आणि १/४ यांचा गट करा. दोन्ही पदं किमान १/४ आहेत, म्हणजे गटाची बेरीज अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं घ्या, १/५ ते १/८. प्रत्येक किमान १/८, म्हणजे चार अष्टमांशांहून जास्त, पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ पदं, १/९ ते १/१६, पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढे सोळा, मग बत्तीस. गट लांबत जातात, पण दर गट अर्धा तरी पदरात टाकतोच. आणि असे गट अनंत आहेत. अर्धा अधिक अर्धा अधिक अर्धा… कुठला बांध टिकणार?

वेग मात्र गोगलगायीचा. १० पदांची बेरीज २.९३, १०० पदांची ५.१९, १,००० पदांची ७.४९, दहा लाख पदांची १४.३९. पदं दसपट केली की बेरजेत साधारण २.३ ची भर पडते, बस. २० ओलांडायला २७,२४,००,६०० पदं लागतात. १०० ओलांडायला किती? दीड लिहून त्याला १ वर ४३ शून्यं इतक्या मोठ्या संख्येने गुणा, तितकी.

म्हणूनच ‘कॉम्प्युटरवर करून बघू’ हा मार्ग इथे दगा देतो. ३२ बिटांच्या दशांश संख्या वापरून ही बेरीज लावली तर २० लाख ९७ हजार १५२ पदांनंतर आकडा १५.४०३७ च्या आसपास अडकतो आणि पुढे हलत नाही. अशा संख्येत साधारण सातच अंक धरता येतात. पुढची पदं इतकी बारीक असतात की मिळवूनही शेवटचा अंक बदलत नाही. यंत्राचा पडदा पाहणारा माणूस म्हणेल, अभिसारी आहे. ओरेम यांच्याकडे कागदही महाग होता, आणि उत्तर त्यांचं बरोबर आहे. कसोट्या का शिकायच्या, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

मोजमापाच्या दोन पट्ट्या

ओळखीची एखादी श्रेढी हाताशी असली की अनोळखी श्रेढी तिच्या शेजारी लावून पाहता येते. अशा दोन पट्ट्या पक्क्या असल्या की बरंच काम होतं.

पहिली बहुतेकांच्या ओळखीची भूमिती श्रेढी. भाकरीची अर्धी खा, उरलेल्यातली अर्धी, पुन्हा उरलेल्यातली अर्धी. १/२ + १/४ + १/८ + … भाकरी एकच आहे, त्यामुळे बेरीज एकच्या पुढे जाणं शक्य नाही, आणि उरलेला तुकडा म्हणाल तितका लहान होतो, त्यामुळे ती एकच होते. दर पदाला ठरावीक संख्येने गुणून पुढचं पद मिळतं. तो गुणक, चिन्ह सोडून, १ पेक्षा लहान असला की श्रेढी अभिसारी. बेरीजही सांगता येते: पहिलं पद भागिले एक वजा गुणक. ग्रीक आर्किमिडीज यांनी १ + १/४ + १/१६ + … = ४/३ वापरून पॅराबोलाच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढलं होतं. केरळच्या नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावरच्या भाष्यात १/४ + १/१६ + १/६४ + … ही बेरीज १/३ होते हे मांडताना प्रश्न उपस्थित केला की ती नेमकी तेवढीच का वाढते. सगळ्या अभिसरणाच्या अभ्यासाचं बीज त्या ‘तेवढीच का’ मध्ये आहे.

दुसरी पट्टी घातांची. १ + १/४ + १/९ + १/१६ + …, म्हणजे वर्गांचे व्यस्त. ही हरात्मक श्रेढीसारखीच दिसते. पदं शून्याकडे जातात, पण भूमिती श्रेढीइतकी झपाट्याने नाही. काय होईल? तुलना करू. १/४ हे १/(१×२) पेक्षा लहान. १/९ हे १/(२×३) पेक्षा लहान. १/१६ हे १/(३×४) पेक्षा लहान. आणि या मोठ्या पदांची गंमत अशी की १/(१×२) म्हणजे १ − १/२, १/(२×३) म्हणजे १/२ − १/३, १/(३×४) म्हणजे १/३ − १/४. मिळवा. मधलं सगळं एकमेकांत कापलं जातं, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसं, आणि उरतो १. म्हणजे वर्गांच्या व्यस्तांची बेरीज १ + १, म्हणजे २ च्या आत. चढती आहे, छत आहे, अभिसारी आहे.

पण ती नेमकी किती? इथे कसोटी गप्प बसते. ‘बेरीज आहे का’ आणि ‘बेरीज किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा बहुधा फार अवघड असतो. पिएत्रो मेंगोली यांनी १६५० साली तो विचारला, मोठमोठे गणितज्ञ थकले, आणि १७३४ साली लेओनार्ड ऑयलर यांनी उत्तर दिलं: पायच्या (π) वर्गाचा सहावा भाग, १.६४४९… वर्तुळाचा कुठे मागमूस नसताना त्यात वर्तुळाचा पाय उगवला.

हरात्मक श्रेढी आणि वर्गांचे व्यस्त यांच्यामधली सीमारेषा चित्रातून स्पष्ट दिसते. आलेखावर १ भागिले क्ष हा वक्र काढा. त्याच्यावर एक एक रुंदीचे खांब उभे करा, उंची १, १/२, १/३… खांबांचं क्षेत्रफळ म्हणजे हरात्मक श्रेढी. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे लॉगॅरिदम, आणि तो सावकाश का होईना, अमर्याद वाढतो. खांब वक्राच्या वर आहेत, म्हणून तेही अमर्याद. वर्गाच्या व्यस्ताचा वक्र घेतला तर १ पासून अनंतापर्यंत त्याखालचं एकूण क्षेत्रफळ फक्त १ भरतं. ही समाकलन कसोटी, इंटिग्रल टेस्ट. ती एक जादा भेटही देते. पहिली १० पदं मिळवून १.५४९८ आले असतील, तर राहिलेल्या अनंत शेपटीची बेरीज १/११ आणि १/१० यांच्या मध्ये आहे हे तीच सांगते. म्हणजे उत्तर १.६४०७ ते १.६४९८ च्या दरम्यान. दहा पदांत इतकं मिळालं, वाईट नाही.

क्रमांकाचा घात १ असेल तर अपसारी, १ पेक्षा तसूभर जास्त असला तरी अभिसारी. घात १.०१ घेतला तर बेरीज सुमारे १००.५८ वर येऊन थांबते. मग मधे काही आहे का? आहे. क्रमांक गुणिले त्याचा लॉग, यांचे व्यस्त मिळवले तर बेरीज अजूनही फुटते. लॉगचा वर्ग घेतला की आवरते. सीमेच्या कितीही जवळ गेलं तरी आणखी बारीक श्रेढ्या सापडतच राहतात. ही अंतिम सीमा कधीच आखून होत नाही, आणि मला यात या विषयाचं खरं सौंदर्य दिसतं.

प्रत्यक्ष गणितात तुलना लावताना मी मुलांना विचारतो, “या पदाचा कारभार कोण बघतो?” समजा पदाचा क्रमांक न आहे आणि पद आहे: वर ३न + ५, खाली नचा घन + २. न दहा लाख झाला की वरच्या ५ ला आणि खालच्या २ ला कोण विचारतो? उरतं ३न भागिले नचा घन, म्हणजे ३ भागिले नचा वर्ग. वर्गांची श्रेढी अभिसारी, म्हणून हीसुद्धा. खाली घनाऐवजी वर्ग असता तर ३ भागिले न उरलं असतं, आणि श्रेढी हरात्मकच्या पंगतीत बसली असती. ही नजर एकदा आली की पाठ केलेल्या निम्म्या कसोट्यांची गरज उरत नाही.

शेजारच्या पदाला विचारा

फॅक्टोरियल (१ पासून नपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) किंवा न-वा घात दिसला की गुणोत्तर कसोटी काढायची. पुढचं पद भागिले आधीचं पद, आणि न वाढवत नेला की हे गुणोत्तर कुठे जातं ते पाहायचं. १ पेक्षा लहान संख्येकडे गेलं तर श्रेढी दूरवर जाऊन भूमिती श्रेढीसारखी वागते, म्हणून अभिसारी. १ पेक्षा मोठ्या संख्येकडे गेलं तर अपसारी. फ्रान्सच्या दालांबेर यांच्या १७६८ च्या लेखनात ही कल्पना आहे, म्हणून काही पुस्तकांत ती त्यांच्या नावाने येते.

मला आवडणारं उदाहरण असं: १०० चा न-वा घात भागिले न फॅक्टोरियल. पहिलं पद १००. दुसरं ५,०००. तिसरं १,६६,६६७ च्या आसपास. चौथं ४१ लाखांवर. पदं चढतच जातात आणि शंभराव्या पदाला १ वर ४२ शून्यं इतकी संख्या येते. वर्गात विचारलं तर सगळे ‘अपसारी’ म्हणतात. पण गुणोत्तर बघा. न-व्या पदावरून पुढच्या पदावर जाताना आपण १०० ने गुणतो आणि न + १ ने भागतो. दोनशेव्या पदापाशी पद दर वेळी निम्मं होऊ लागतं, हजाराव्यापाशी दशांश. गुणोत्तर शून्याकडे जातं. श्रेढी अभिसारी. एकीकडे राक्षसी पदांची ही श्रेढी शेवटी एका संख्येला टेकते, आणि दुसरीकडे सालस दिसणारी हरात्मक श्रेढी कुठेच टेकत नाही. सुरुवातीच्या शंभर, लाख, कोटी पदांचा अभिसरणाशी काही संबंध नाही. ठरतं ते शेपटीत.

गुणोत्तर नेमकं १ कडे गेलं तर ही कसोटी काहीच बोलत नाही. हरात्मक श्रेढीचं गुणोत्तर १ कडे जातं, वर्गांच्या व्यस्तांचंही १ कडेच, आणि एक अपसारी, दुसरी अभिसारी. ‘गुणोत्तर १ आले, म्हणून अपसारी’ असं लिहू नका. अशा वेळी घातांच्या पट्टीकडे परतायचं. अख्खं पदच न-व्या घातात असेल तर गुणोत्तराऐवजी त्याचं न-वं मूळ काढणं सोयीचं पडतं. निकालाची भाषा तीच.

झोक्यासारख्या श्रेढ्या

आतापर्यंत पाणी ओतलंच जात होतं. आता एकदा ओता, एकदा काढा. १ − १/३ + १/५ − १/७ + … आंशिक बेरीज झोक्यासारखी हलते: पुढे, मागे, पुढे, मागे, दर हेलकावा आधीच्याहून लहान. हेलकावे सतत लहान होत शून्यावर जात असतील तर झोका एका जागी स्थिरावतोच. ही एकांतर श्रेढीची कसोटी, जर्मन गणितज्ञ लाइबनिट्स यांच्या नावाची. तिच्यात चूक किती राहिली हेही लगेच कळतं: जिथे थांबलो त्याच्या पुढच्या पदापेक्षा कमी. फक्त ‘सतत लहान’ ही अट विसरायची नाही. १ − १/२ + १/२ − १/४ + १/३ − १/८ + … इथे चिन्हं आलटून पालटून आहेत, पदं शून्याकडेही जातात, पण ओतलेलं पाणी हरात्मक आहे आणि काढलेलं सगळं मिळून फक्त १. तळं फुटतं.

१ − १/३ + १/५ − … ही बेरीज पायच्या चौथ्या भागाइतकी आहे. लाइबनिट्स यांच्या सुमारे अडीच शतकं आधी ती केरळच्या संगमग्राम इथल्या माधव यांना ठाऊक होती. त्यांच्या परंपरेतल्या ज्येष्ठदेव यांनी साधारण १५३० च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ लिहिली, त्यात या श्रेढीची सिद्धता आहे. शास्त्राची भाषा संस्कृत असताना ती त्यांनी मलयाळममध्ये लिहिली. गणिताची युक्ती आपल्या बोलीत नीट सांगता येते यावर पाचशे वर्षांपूर्वी कुणाचा इतका विश्वास होता, हे आठवलं की मला मराठीत हे लिहिताना बळ येतं.

माधव यांच्या परंपरेचं मोठेपण सूत्रापेक्षा पुढे जातं. ही श्रेढी अभिसारी आहे खरी, पण कमालीची आळशी. १० पदं घेऊन चारने गुणलं तर ३.०४१८ मिळतात, पहिला दशांशसुद्धा बरोबर नाही. त्यांनी काय केलं? थांबल्यावर उरलेल्या शेपटीचा अंदाज बांधून तो मिळवला. १० पदांनंतरची त्यांची सगळ्यात बारीक दुरुस्ती १०१/४०५० आहे. ती मिळवून चारने गुणलं की ३.१४१५९२७. सात दशांश, फक्त दहा पदांत. शिवाय त्यांनी दुसरी श्रेढीही दिली: १ − १/(३×३) + १/(५×९) − १/(७×२७) + …, आणि शेवटी बाराच्या वर्गमुळाने गुणायचं. इथे दर पदाला तीनचा आणखी एक भागाकार आहे, म्हणून गुणोत्तर १/३ कडे जातं. पाच पदांत ३.१४२६ येतात, पहिल्या श्रेढीच्या पाच पदांत ३.३३९७ आले असते. दोन्ही अभिसारी, दोन्हीतून तोच पाय, पण एकीचा वेग भूमिती श्रेढीचा आणि दुसरीचा गोगलगायीचा. कसोटीचा निकाल ‘हो’ आला म्हणजे हिशेबाला श्रेढी उपयोगी आहे असं मुळीच नाही.

एकांतर श्रेढीत आणखी एक धक्का असतो. १ − १/२ + १/३ − १/४ + … = ०.६९३१… आता तीच पदं वेगळ्या क्रमाने मिळवू: एक अधिक, मग दोन उणे. १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + … एकही पद गाळलेलं नाही, एकही दोनदा घेतलेलं नाही. दर अधिक पदाला त्याच्या लगतच्या उणे पदाशी जोडा: १ − १/२ म्हणजे १/२, १/३ − १/६ म्हणजे १/६. उरतं १/२ − १/४ + १/६ − १/८ + …, म्हणजे मूळ बेरजेचं बरोब्बर अर्ध, ०.३४६६. क्रम बदलला आणि बेरीज बदलली! जर्मनीच्या रीमान यांनी १८५४ साली दाखवून दिलं की अशा श्रेढीची पदं नुसती हलवून तुम्ही म्हणाल ती बेरीज काढता येते.

कारण शोधलं तर पुन्हा हरात्मक श्रेढीच भेटते. उणे चिन्हं पुसून टाकली तर ही श्रेढी अपसारी आहे. म्हणजे अधिक पदांचा साठाही अमर्याद आणि उणे पदांचाही. हवं तितकं इकडून घ्या, हवं तितकं तिकडून. चिन्हं पुसूनही जी अभिसारी राहते तिला केवल अभिसारी म्हणतात, आणि तिच्यात पदं कशीही फिरवा, बेरीज हलत नाही. म्हणून उणे चिन्हं दिसली की आधी ती पुसून तपासायचं. जमलं तर निर्धास्त. नाही जमलं तर झोक्याची कसोटी, आणि पदांच्या क्रमाला हात लावायचा नाही.

या सगळ्या कसोट्या हाताशी असूनही एक छोटीशी श्रेढी आजवर कुणाला दाद देत नाही. तिचं नाव फ्लिंट हिल्स. पद असं: नचा घन गुणिले साइन नचा वर्ग, आणि या सगळ्याचा व्यस्त. इथे न रेडियनमध्ये घ्यायचा. घनामुळे पदं झपाट्याने लहान व्हायला हवीत. पण न हा पायच्या एखाद्या पटीच्या अगदी जवळ आला की साइन जवळजवळ शून्य होतो आणि पद एकदम उसळी घेतं. शाळेत पाय म्हणजे २२/७ शिकलो, म्हणजे २२ ही संख्या पायच्या सातपटीला चिकटून आहे. बावीसाव्या पदाने बेरजेत सुमारे १.२ ची भर पडते. ३५४ पदांपर्यंत बेरीज ५ च्या आत राहते. ३५५/११३ हा पायचा फारच जवळचा अपूर्णांक आहे, आणि ३५५ वं पद एकट्याने सुमारे २४.६ ओतून जातं. त्यानंतरही पायच्या पटींना असे खेटून बसणारे पूर्णांक येतच राहतात. ते किती जवळ येतात यावर या श्रेढीचं सगळं अवलंबून आहे, आणि ती अभिसारी आहे की अपसारी, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.